पोटात डोकावणारा माणूस

मॅगझिनसाठी लेख द्यायचा म्हटलं की एडिसन, टेस्ला, विश्वेश्वरय्या ही नावं आधी आठवतात. मी मात्र लिहिणार आहे वॉल्टर कॅननबद्दल. त्याची ओळख मला झाली ती माझ्या आजीच्या पोटामुळे!

आमचं गाव दिंडोरी, घरी द्राक्षबाग. आजीला वीस वर्षांपासून शुगर. दोन वर्षांपूर्वी तिचं जेवण तुटलं. दोन घास भाकरी खाल्ली की पोट गच्च, आणि सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडायचं. एंडोस्कोपीत कुठे अडथळा दिसला नाही. मग घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की म्हातारी टेन्शन घेते, सगळं मनाचं आहे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

शेवटी नाशिकच्या एका हॉस्पिटलात तिला इडली खायला दिली. त्या इडलीत किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेलं होतं. मग गॅमा कॅमेऱ्याने थोड्या थोड्या वेळाने चार तास फोटो घेतले. चार तासांनी पोटात साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरू नये. आजीच्या पोटात निम्म्याहून जास्त तसंच होतं. डायबेटीसमुळे जठराच्या नसा दुबळ्या झाल्या होत्या. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मग हे पोट बघायचं सुचलं तरी कोणाला, हे शोधत गेलो आणि कॅनन सापडला.

वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅननचा जन्म १८७१ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. वडील रेल्वेत नोकरीला. वॉल्टर लहान असतानाच आई गेली. चौदाव्या वर्षी वडिलांनी शाळेतून काढून त्याला रेल्वेच्या ऑफिसात कामाला लावलं. दोन वर्षांनी तो पुन्हा शाळेत गेला आणि पुढे स्कॉलरशिप मिळवून हार्वर्डला पोचला. १८९६ साली तो मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होता, म्हणजे आपल्यासारखाच विद्यार्थी!

रॉंटगेनने क्ष-किरण शोधले ते आदल्याच वर्षी. सगळे जण हाडांचे फोटो काढण्यात दंग होते. प्राध्यापक बाउडिच यांनी मात्र वॉल्टरला आणि त्याच्या मोझर नावाच्या सोबत्याला वेगळंच काम दिलं : या किरणांनी अन्न गिळताना बघा. अडचण अशी की जठर मऊ असतं, किरण त्यातून आरपार जातात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. त्यावर उपाय निघाला तो अन्नातच बिस्मथचा क्षार मिसळण्याचा. बिस्मथ जड, तो किरण अडवतो. त्यामुळे चमकणाऱ्या पडद्यावर अन्नाची काळी सावली पडते. बिस्मथच्या जागी बेरियम आलं ते पुढे, पण युक्ती तीच.

वॉल्टर मांजरांना असं अन्न देऊन तासन् तास पडद्यासमोर बसायचा. पडद्यावर पातळ कागद ठेवून सावली गिरवायची, थोड्या वेळाने पुन्हा गिरवायची. जठराचा वरचा भाग कोठारासारखा अन्न धरून ठेवतो आणि खालच्या भागात मिनिटाला सुमारे सहा लाटा उठून अन्न घुसळतात, हे त्याला दिसलं. १८९८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढच्या प्रयोगांत पिष्टमय पदार्थ जठरातून लवकर पुढे जातात, प्रथिनं त्यामागून आणि चरबी सगळ्यात उशिरा, हेही त्याने दाखवलं.

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मधूनच एखाद्या मांजराच्या पोटातल्या लाटा एकदम थांबायच्या. आपण प्रॅक्टिकलला असं रीडिंग सरळ खोडून टाकतो! वॉल्टरने खोडलं नाही. त्याच्या लक्षात आलं की मांजर घाबरलं, चिडलं की जठर थांबतं आणि ते शांत झालं की पुन्हा चालू होतं. या एका निरीक्षणाचा धागा धरून कॅनन आयुष्यभर चालत राहिले. १९०६ साली ते हार्वर्डला प्राध्यापक झाले. संकट आलं की शरीर लढायला किंवा पळायला कसं तयार होतं, ते त्यांनी १९१५ च्या ग्रंथात मांडलं. शरीर आतला समतोल कसा राखतं, यासाठी होमिओस्टॅसिस हा शब्दही त्यांचाच. आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या फीडबॅकचा हा सख्खा भाऊच म्हणा.

याची किंमत मोठी होती. किरणांचा धोका तेव्हा नीट कळलेला नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या प्रयोगांत पुरेसं संरक्षण नव्हतं. पुढे त्यांना त्वचेचा आजार जडला आणि त्याचं मूळ या किरणांतच होतं, असं मानलं जातं. १९४५ साली ते गेले. आज आजीला दिलेल्या टेक्नेशियमचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो आणि डोसही मोजूनमापून दिला जातो. ही काळजी अशा माणसांनी सोसलेल्या त्रासातूनच आली आहे.

आजी आता थोडं थोडं, मऊ, कमी तेलातलं, दिवसातून पाच-सहा वेळा खाते. पूर्ण बरी नाही, पण उलट्या पुष्कळ कमी झाल्यात. आणि टेन्शनचं म्हणाल, तर कॅनन यांनी तेही पडद्यावर पाहिलंच होतं की! म्हणजे मनाचं आहे म्हणून सोडून द्यावं, असं काही नसतंच. पुढे आपल्यापैकी कोणी मेडिकल इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेलं, तर एवढंच लक्षात ठेवा : पेशंट सांगतो ते रीडिंग खोडू नका, आधी बघा.