अल्बर्ट एलिस
अल्बर्ट एलिस (२७ सप्टेंबर १९१३ – २४ जुलै २००७) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे प्रवर्तक होते. त्यांचा जन्म पिट्सबर्ग येथे झाला व बालपण न्यूयॉर्कमध्ये, पैकी बराच काळ मूत्रपिंडाच्या विकारामुळे रुग्णालयात गेला. स्वभावाने ते कमालीचे लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर अनोळखी स्त्रियांशी बळेच संभाषण केले. शंभरेक संभाषणांतून भेट ठरली ती एकच, आणि ती स्त्रीही आली नाही. भीती मात्र गेली.

कोलंबिया विद्यापीठातून १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर ते मनोविश्लेषणाकडे वळले, पण त्याची संथ गती त्यांना पटेना. स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस याच्या विचारांचा आधार घेऊन १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची पद्धती मांडली. घटनेपेक्षा तिच्याविषयीचा हट्टाग्रही समज माणसाला खिन्न करतो, हे तिचे सूत्र होय. त्यांच्या गटोपचारात एकाने मांडलेला समज इतर सदस्यही तर्काने तपासत आणि त्यावर गृहपाठ ठरे. न्यूयॉर्कमध्ये दर शुक्रवारी श्रोत्यांसमोर होणारी त्यांची प्रात्यक्षिके अनेक दशके चालली. ॲरन बेक यांची नैराश्यावरील बोधात्मक उपचारपद्धती यानंतरची, स्वतंत्रपणे विकसित झालेली.

२००५ मध्ये एलिस यांना त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेच्या संचालक मंडळातून काढण्यात आले. पुढील वर्षी न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. त्या वेळी ते ९२ वर्षांचे होते.

महाराष्ट्रात या पद्धतीचा प्रसार प्रामुख्याने कि. मो. फडके यांनी केला. अंजली जोशी यांची ‘मी, अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारित आहे.