पायऱ्यांवरचे चर्चासत्र : एमी नोएथर

विसाव्या शतकातील बीजगणिताला नवे रूप देणाऱ्या एमी नोएथर यांचा जन्म २३ मार्च १८८२ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील माक्स नोएथर हे तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. त्या काळी जर्मन विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश नव्हता. प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी घेऊन त्यांना वर्गात केवळ श्रोता म्हणून बसावे लागे. १९०७ मध्ये एमी यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढची सात वर्षे एर्लांगेनमध्येच विनावेतन अध्यापन व संशोधन केले.

१९१५ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन यांनी त्यांना गणिताची पंढरी समजल्या जाणाऱ्या ग्योटिंगेनला बोलावले. मात्र स्त्रीला अध्यापनाचा अधिकार देण्यास तेथील काही प्राध्यापकांनी कडाडून विरोध केला. तेव्हा व्याख्यानाची घोषणा हिल्बर्ट यांच्या नावाने होई आणि शिकवत नोएथर. निसर्गातील प्रत्येक सततच्या सममितीमागे एक अक्षय्यतेचा नियम असतो, हे सांगणारा त्यांचा सिद्धांत १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचे भौतिकशास्त्र त्याच्या आधारावर उभे आहे. हा सिद्धांत मांडला तेव्हाही त्यांना स्वतःच्या नावाने शिकवण्याचा अधिकार नव्हता. तो १९१९ मध्ये मिळाला. मानधन मिळू लागण्यास आणखी काही वर्षे गेली, आणि तेही तुटपुंजेच.

१९२१ च्या त्यांच्या शोधनिबंधाने बीजगणिताची दिशा बदलली. आकडेमोडीच्या जंजाळात न शिरता मूळ संकल्पनांनाच हात घालायचा, ही त्यांची रीत होती. ही रीत ग्रंथांपेक्षा चर्चासत्रांतून पसरली. त्यांची व्याख्याने आखीव नसत. सुचेल तसे त्या वेगाने बोलत आणि अर्धवट विचारही निःसंकोच मांडत. नवख्यांची त्रेधा उडे, पण टिकून राहिलेल्यांना संशोधन घडताना पाहायला मिळे. एकदा सुट्टीमुळे संस्थेची इमारत बंद होती. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना पायऱ्यांवर गोळा केले आणि रानातून चालत एका कॉफीगृहात नेऊन तेथे व्याख्यान पूर्ण केले. हॉलंडहून आलेले व्हान डेर वेर्डेन याच परंपरेत तयार झाले. त्यांच्या आधुनिक बीजगणितावरील ग्रंथाने नोएथर यांचे विचार जगभर पोहोचवले.

१९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू अध्यापकांना विद्यापीठांबाहेर काढले. नोएथर यांचाही अधिकार गेला. चर्चासत्र मात्र थांबले नाही. विद्यार्थी त्यांच्या घरी जमू लागले. त्यांतला एक जण नाझी दलाच्या गणवेशात आला, तरी त्यांनी त्याला दार बंद केले नाही. गणित शिकायला आलेला तो विद्यार्थी होता, एवढेच त्यांना पुरेसे होते.

त्याच वर्षी त्या अमेरिकेतील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात रुजू झाल्या. तेथून त्या प्रिन्स्टनलाही व्याख्यानांसाठी जात. हा दिलासा अल्पकाळच लाभला. शस्त्रक्रियेनंतर १४ एप्रिल १९३५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रिन मॉरच्या ग्रंथालयाच्या आवारात त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत. जर्मनीत पूर्ण प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. आज मात्र बीजगणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीच्याच पाठांत ‘नोएथेरियन’ हा शब्द भेटतो. ज्या विद्यापीठीय जगाने त्यांचे नाव फलकावर लावण्यास नकार दिला, तेच आज त्या नावावाचून हा विषय शिकवू शकत नाही.