स्फटिकांच्या जाळ्या उलगडणारी विदुषी : कॅथलीन लॉन्स्डेल

पेन्सिलींतील शिसें, ज्यास शास्त्रज्ञ ग्रॅफाइट म्हणतात, आणि राजमुकुटांतील हिरा हीं दोन्ही कार्बन या एकाच मूलद्रव्याचीं रूपें आहेत, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु ग्रॅफाइटमधून विद्युत्प्रवाह सहज वाहतो आणि हिऱ्यांतून वाहत नाहीं, याचें कारण काय? अणू तेच; भेद केवळ त्यांच्या मांडणीचा. ही मांडणी, म्हणजे स्फटिकाची जाळी, डोळ्यांस दिसत नाहीं. ती प्रयोगानें व गणितानें शोधावी लागते. या कामीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या कॅथलीन लॉन्स्डेलबाईंचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कॅथलीन यार्ड्ली हिचा जन्म ता. २८ जानेवारी १९०३ रोजीं आयर्लंडांतील न्यूब्रिज या गांवीं झाला. वडील पोस्टमास्तर होते. दहा भावंडांत ती सर्वांत धाकटी. घरची स्थिति ओढग्रस्तीची. १९०८ सालीं आई मुलांस घेऊन इंग्लंडांत राहावयास आली. मुलींच्या शाळेंत पदार्थविज्ञान, रसायन व उच्च गणित शिकविण्याची सोय नव्हती, म्हणून या विषयांसाठीं कॅथलीन मुलांच्या शाळेंतील वर्गांस जाऊं लागली. सोळाव्या वर्षीं ती लंडनच्या बेडफर्ड कॉलेजांत दाखल झाली, आणि १९२२ च्या पदवीपरीक्षेंत लंडन विश्वविद्यालयांत पहिली आली. परीक्षकांत सर विल्यम ब्रॅग हे थोर शास्त्रज्ञ होते. त्यांनीं तिला आपल्या संशोधनमंडळांत बोलावून घेतलें.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले असतां ते ठराविक दिशांनीं परावर्तित होतात. त्या परावर्तनांची तीव्रता मोजून आंतील अणूंचीं स्थानें ठरविणें ही ब्रॅग यांची विद्या. १९२७ सालीं कॅथलीनबाईंचा विवाह थॉमस लॉन्स्डेल यांच्याशीं झाला व त्या लीड्स शहरीं गेल्या. तेथें त्यांनीं एक जुनें कोडें हातीं घेतलें. सेंद्रिय रसायनांतील असंख्य पदार्थांच्या मुळाशीं असलेलें बेंझिन हें सहा कार्बन अणूंचें कडें आहे, असें केकुले यांनीं १८६५ सालीं सुचविलें होतें. परंतु तें कडें सपाट कीं हिऱ्यांतील कड्याप्रमाणें वरखालीं मुडपलेलें, याचा निर्णय झालेला नव्हता. हेक्झामेथिलबेंझिनच्या स्फटिकांवर प्रयोग करून, सारें गणित हातानें करून, बाईंनीं १९२९ सालीं तें कडें सपाट असल्याचें दाखवून दिलें. हा निष्कर्ष प्रत्यक्ष गुरूच्या अनुमानाविरुद्ध होता. तरी ब्रॅग यांनीं त्याचें मोकळ्या मनानें स्वागत केलें. शिष्येचें धैर्य व गुरूची उदारता या दोहोंचाही आम्हांस येथें आदर वाटतो.

पुढें मुलेंबाळें झालीं. पाळण्यापाशीं बसून त्यांनीं २३० प्रकारच्या स्फटिकरचनांचीं सूत्रें सिद्ध केलीं. तो ग्रंथ १९३६ सालीं त्यांच्याच हस्ताक्षरांत छापला गेला. लंडनला परतल्यावर क्ष-किरणांचें यंत्र मोकळें मिळेना, तेव्हां तेथें पडून असलेल्या एका मोठ्या विद्युच्चुंबकाचा त्यांनीं उपयोग केला. सपाट कड्यांच्या पदार्थांवर चुंबकाचा परिणाम सर्व दिशांनीं सारखा होत नाहीं. यावरून कड्यांतील कांहीं इलेक्ट्रॉन एकेका अणूला खिळलेले नसून सबंध कड्यावरून फिरूं शकतात, ही गोष्ट पुष्ट झाली. याच विषयावर आपल्या देशाचे विख्यात शास्त्रज्ञ के. एस. कृष्णन् व लॉन्स्डेलबाई यांनीं १९३६ सालीं संयुक्त निबंध प्रसिद्ध केला.

या ज्ञानाचें महत्त्व पुढें अधिकच कळून आलें. ग्रॅफाइटमध्यें अशा कड्यांचे थर एकावर एक असतात. वीज थरांतून सहज धांवते, पण एका थरांतून दुसऱ्यांत जातांना तिला मोठा अडथळा होतो. २००५ सालीं अमेरिकेंत ओमर याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कार्बनादि हलक्या मूलद्रव्यांचीं अशींच थरांचीं, परंतु मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें सच्छिद्र, स्फटिकद्रव्यें बनविलीं. यांतही जाळीवरच सारें अवलंबून असतें. थर भाकरींच्या चवडीप्रमाणें नीट एकावर एक बसले, तर कड्यांवरील इलेक्ट्रॉनांना थराथरांतून जाण्यास जणूं शिडीच मिळते. ते सरकले किंवा मध्यें खंड पडला, म्हणजे विद्युत्भाराची वाट अडते. छिद्रें मोठीं व सांधे सैल असले, तरीही वाट कठीण होते. कड्याचें सपाटपण सिद्ध झालें नसतें, तर अशा शिडीची कल्पनाही कशी सुचती?

बाईंच्या मनोबलाची एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. १९३५ सालीं त्या पतीसह क्वेकर पंथांत गेल्या. युद्ध त्यांस सर्वस्वीं अमान्य होतें. महायुद्धांत नागरी संरक्षणासाठीं नांव नोंदविण्याचा हुकूम झाला. लहान मुलांची आई म्हणून नांव नोंदवितांच त्यांस सूट मिळाली असती. परंतु नोंदणी करणेंच त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस पटेना. दोन पौंड दंडही त्यांनीं भरला नाहीं, आणि १९४३ सालीं होलोवेच्या तुरुंगांत एक महिना शिक्षा भोगली. दोनच वर्षांनीं, १९४५ मध्यें, रॉयल सोसायटीनें प्रथमच स्त्रियांस सभासद करून घेतलें, तेव्हां निवडलेल्या दोन विदुषींत त्या एक होत्या. १९४९ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांस प्राध्यापकपद मिळालें. उल्केंत सांपडलेल्या एका षट्कोनी जाळीच्या हिऱ्यास त्यांच्या सन्मानार्थ लॉन्स्डेलाइट असें नांव दिलें गेलें. ता. १ एप्रिल १९७१ रोजीं त्या निवर्तल्या.

पालकांनीं आपल्या मुलींच्या हातीं गणिताचें पुस्तक देतांना, आणि विद्यार्थ्यांनीं गुरूंच्या मताहून निराळें उत्तर निघालें म्हणून तें घाईनें खोडून टाकण्यापूर्वीं, या चरित्राचें स्मरण करावें, एवढीच आमची विनंती आहे.