विश्लेषण : लोकसभेचे पहिले अध्यक्ष नेमबाजीत कसे आले? दादासाहेब मावळणकर, रायफल संघटना आणि बंदूक मोजणारे नियम

नेमबाजीच्या रेंजवर ‘मावळणकर’ हे माणसाचे नाही, स्पर्धेचे नाव आहे. राज्य पातळीवर गुण मिळवले, की नवोदित नेमबाजापुढे राष्ट्रीय स्पर्धेआधी उभी राहते ती ऑल इंडिया जी. व्ही. मावळणकर शूटिंग स्पर्धा. तिथे किमान गुण मिळाले तरच पुढचा दरवाजा उघडतो. पण ज्यांच्या नावाने ही स्पर्धा होते ते गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळणकर नेमबाज म्हणून नव्हे, तर लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून देशाला माहीत आहेत. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन वकिली बाजूला ठेवणारा आणि सहा वर्षांच्या आसपास तुरुंगात काढणारा हा सत्याग्रही रायफल संघटनेचा संस्थापक कसा झाला?

मावळणकर मूळचे कुठले?

घराणे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात मावळंगे गाव आहे, त्यावरून मावळणकर हे आडनाव आले. दादासाहेबांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. काही शिक्षण राजापूर आणि मुंबई इलाख्यातील इतर गावांत झाल्यावर १९०२ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादला गेले आणि तिथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये त्यांनी विज्ञान शाखेची पदवी घेतली. मुंबईत कायद्याचा अभ्यास करून १९१२ मध्ये ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली करू लागले. मराठी घरातला हा तरुण पुढे गुजरातच्या सार्वजनिक जीवनातील पहिल्या फळीत जाऊन बसला.

सत्याग्रही वकील ते तुरुंग

१९१६ मध्ये ते गुजरात सभेचे सचिव झाले. दुष्काळात सारावसुलीविरोधात झालेल्या खेडा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. १९१९ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले. असहकाराची हाक आल्यावर वकिली थांबवून त्यांनी गुजरात प्रदेश काँग्रेसचे सचिवपद सांभाळले. १९२१ मध्ये अहमदाबादेत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीच्या सचिवपदाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ या काळात ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. वल्लभभाई पटेल यांच्यासह त्यांनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीतही भाग घेतला.

तुरुंगात त्यांचा संबंध राजकीय कैद्यांपुरता राहिला नाही. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांशीही ते बोलत, त्यांच्या हकिकती ऐकून घेत. त्या अनुभवांवर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिले. शस्त्राने केलेल्या गुन्ह्याचा शेवट कुठे होतो, हे या माणसाने जवळून पाहिले होते.

नियमांचा माणूस ही ओळख कशी झाली?

१९३७ मध्ये मुंबई विधानसभेत निवडून आल्यावर ते तिथे अध्यक्ष झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध लढत झाली. मावळणकरांना ६६ मते पडली, जहांगीर यांना ६३. तीन मतांनी मिळालेले हे पद १४ आणि १५ ऑगस्ट १९४७ मधल्या मध्यरात्री ते कायदेमंडळच संपुष्टात येईपर्यंत त्यांच्याकडे राहिले.

स्वातंत्र्यानंतर लगेच एक पेच आला. संविधान सभेला राज्यघटना लिहायची होती आणि कायदेही करायचे होते. ही दोन कामे वेगळी कशी ठेवायची, याचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद मावळणकरांकडे आले. नोव्हेंबर १९४७ मध्ये संविधान सभेच्या कायदेमंडळ म्हणून होणाऱ्या बैठकांसाठी त्यांचीच अध्यक्षपदी निवड झाली. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेत शेतकरी कामगार पक्षाचे नेते शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध ते ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. देशाच्या पहिल्या लोकसभा अध्यक्षपदाची ही लढत दोन मराठी माणसांमध्ये झाली होती.

सभागृह कसे चालावे, याची घडी त्यांच्या काळात बसली. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले जाते की नाही, हे तपासणारी समिती १९५३ मध्ये सुरू झाली. अध्यादेश अपवाद म्हणूनच काढावेत, हा आग्रह त्यांनी नेहरूंपुढेही धरला. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी थेट त्यांनाच पदावरून हटवण्याचा प्रस्ताव आणला. लोकसभा अध्यक्षाविरुद्धचा तो पहिला प्रस्ताव होता. सभागृहाने तो फेटाळला.

रायफल संघटना कशासाठी?

यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयांना बंदूक बाळगण्यासाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना मात्र सूट होती. हत्यारापेक्षा त्यातला भेदभाव लोकांना झोंबला. अहिंसा मानणाऱ्या गांधीजींनीही या कायद्यावर कठोर टीका केली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. म्हणजे काँग्रेसजनाने बंदुकीचा विषय काढणे त्या काळी आजच्याइतके विसंगत वाटत नव्हते.

राज्यघटना लिहिताना मात्र चित्र बदलले. फाळणीची हिंसा ताजी होती. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत आणण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला आणि तो हक्क घटनेत आला नाही. नागरिकाच्या हातात बंदूक येईल ती परवान्यानेच, हे त्यातून ठरले.

या पार्श्वभूमीवर १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. संस्थापक आणि पहिले अध्यक्ष होते मावळणकर. नेमबाजीचा खेळ आणि स्वसंरक्षण यांचा नागरिकांत प्रसार करणे, हा संघटनेचा जाहीर हेतू होता. नेहरूंनीही त्यात रस घेतला. आतापर्यंत बंदूक होती ती सैन्य, पोलीस आणि शिकारी संस्थानिकांकडे. सामान्य नागरिकाला ती रीतसर हाताळता येईल अशी एक जागा, म्हणजे क्लब, रेंज आणि स्पर्धा, या संघटनेमुळे देशपातळीवर तयार होऊ लागली. पुढच्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी यांच्या रूपाने भारतीय नेमबाज उतरला.

आजच्या स्पर्धेत बंदूक का मोजतात?

मावळणकरांच्या हयातीनंतर नियम खूप बदलले. आज आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम चालतात आणि स्पर्धेआधी प्रत्येकाचे साहित्य तपासले जाते. १० मीटर एअर पिस्तूलचे उदाहरण घेऊ. पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही. ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. ट्रिगर तपासताना नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात. ट्रिगर न सुटता वजन उचलले गेले, तर पिस्तूल पात्र.

कारण साधे आहे. ट्रिगर ओढण्यासाठी जितकी ताकद जास्त लागेल, तितका हात हलण्याचा धोका जास्त. ट्रिगर अगदी हलका केला तर बोटाचे कौशल्य बाजूला राहते आणि गुण यंत्राला मिळतात. शिवाय फार हलका ट्रिगर नको तेव्हा सुटतो, म्हणून तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

बदल करायला अजिबात बंदी आहे, असेही नाही. ग्रिप आपल्या तळव्याच्या मापाने घासून घेता येते, पण ती मनगटाला आधार देणारी नको. मर्यादेत राहून वजन पुढे-मागे करता येते. दुर्बिणीसारखी साइट लावता येत नाही. एअर रायफलची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे. रायफल नेमबाजाच्या जाड जॅकेटचीही जाडी आणि ताठपणा यंत्रावर मोजतात, कारण कडक जॅकेट शरीराला कुबडीसारखे धरून ठेवते. एअर रायफलच्या लक्ष्यावर १० गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे एवढासा आधारही निकाल बदलतो.

प्रॅक्टिकल शूटिंगचे नियम वेगळे का?

परदेशात लोकप्रिय असलेला आणखी एक प्रकार म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात कोलंबिया इथे स्थापन झाली. इथे नेमबाज एका जागी उभा राहत नाही. धावत, वळत, आडोशामागून अनेक लक्ष्ये टिपतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले, की त्याची कामगिरी कळते.

वेग मोजला की पळवाटही निघते. कमी दारूची गोळी कमी धक्का देते, मग पुढची फैर लवकर झाडता येते. म्हणून तिथे ‘पॉवर फॅक्टर’ मोजतात. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले तिचा फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १०००. किमान आकडा १२५ हवा. ११५ ग्रेनची गोळी ११०० च्या वेगाने गेली तर १२६.५ येतात आणि नेमबाज वाचतो. वेग १०८० वर आला तर १२४.२, मग गुणच धरले जात नाहीत. बदल केलेल्या बंदुकांसाठी वेगळे गट आहेत. ओपन गटात ऑप्टिकल साइट आणि नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटर चालतो. प्रॉडक्शन गटात कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलात फारच थोडे बदल करता येतात.

या खेळात सर्रास वापरले जाणारे ९ मिलिमीटर पिस्तूल भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. त्यामुळे इथला होतकरू नेमबाज मुख्यतः ऑलिंपिक प्रकारांकडेच वळतो.

कासुर्डीतल्या मुलीला सुरुवात कुठून करता येईल?

दौंड-शिरूर भागात बंदूक म्हटली की डोळ्यासमोर येते दौंडचे राज्य राखीव पोलीस दल किंवा एखाद्या शेतकऱ्याचा पीकसंरक्षणाचा परवाना. खेळाची वाट मात्र वेगळी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. त्यासाठी १० मीटरची बंदिस्त, सुरक्षित जागा पुरते. पुणे-सोलापूर महामार्गावरील कासुर्डीतल्या मुलीलाही एअर रायफलपासून सुरुवात करता येते. बालेवाडीच्या क्रीडा संकुलातील रेंज याच जिल्ह्यात आहे.

खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत पॉइंट २२ चे शस्त्र लागते आणि तिथे परवाना, गोळ्या, क्लबचे सदस्यत्व असे सगळे सुरू होते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, खेळाडूंसाठी वेगळी सवलत ठेवावी लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकतो, तेव्हा ही सगळी वाट पार करूनच तो तिथे पोहोचलेला असतो.

शेवट आणि मागे राहिलेले नाव

जानेवारी १९५६ मध्ये मावळणकरांना हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते लोकसभेचे अध्यक्ष होते. रिक्त जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून गेल्या. पुढे १९७२ मध्ये मुलगा पुरुषोत्तम मावळणकर हेही लोकसभेत पोहोचले. ब्रिटिशांचा शस्त्र कायदा रद्द होऊन १९५९ चा नवा कायदा आला, तो पाहायला दादासाहेब नव्हते.

दिल्लीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. पण देशभरातील तरुणांच्या तोंडी त्यांचे नाव येते ते रेंजवर. स्पर्धेच्या दिवशी साहित्य तपासणीच्या टेबलावर पिस्तूल पेटीत ठेवून पाहतात, ट्रिगरला वजन अडकवतात आणि पात्र ठरले तरच नेमबाजाला फायरिंग पॉइंटवर जाऊ देतात.