विश्लेषण : हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा ‘उकळता दगड’ ओळखणारे क्रॉनस्टेट कोण होते?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी ऑक्सिजनचा सिलिंडर पोहोचवणे कठीण. पण वीज असेल तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तिथल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतो. या यंत्राच्या पोटात झिओलाइट नावाच्या सच्छिद्र पदार्थाचे बारीक मणी असतात. हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या एका खाण अधिकाऱ्याने दिले.

खाणीतले रसायनशास्त्रज्ञ

ॲक्सेल फ्रेडरिक क्रॉनस्टेट यांचा जन्म २३ डिसेंबर १७२२ रोजी झाला. वडील लष्करी अधिकारी होते; मुलगा मात्र खनिजांकडे वळला. कोबाल्टचा शोध लावणारे गेऑर्ग ब्रांट यांच्याकडे ते रसायनशास्त्र शिकले आणि पुढे सरकारी खाण खात्यात रुजू झाले. फुंकनळी हे त्यांचे आवडते साधन. खनिजाच्या कणावर ज्योत सोडायची आणि रंग, फेस, वितळणे यांवरून त्यात काय आहे ते ओळखायचे.

भुताच्या नावाचा धातू

१७५१ मध्ये त्यांनी एका धातुकातून नवा धातू मिळवल्याचे जाहीर केले. तांब्यासारखे दिसून तांबे न देणाऱ्या खनिजात खोडकर भूत असते, अशी जर्मन खाणकामगारांची समजूत होती. त्या भुताच्या नावावरूनच धातूला निकेल म्हटले गेले. अनेकांनी तो जुन्या धातूंचे मिश्रण ठरवला. टॉरबर्न बर्गमन यांनी १७७५ मध्ये शंका मिटवली, तेव्हा क्रॉनस्टेट हयात नव्हते.

दगड का उकळला?

१७५६ मध्ये एका खनिजावर ज्योत धरताच ते फुगले आणि फेसाळले. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. याच कुळातील स्फटिक जळगाव, नाशिक, पुण्याच्या बेसाल्ट खाणींतही सापडतात. आतल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांतले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. पोकळ्यांची रचना कळायला मात्र विसावे शतक उजाडले.

१७५८ मध्ये क्रॉनस्टेट यांनी खनिजांची रूपावरून नव्हे, तर घटकांवरून वर्गवारी करणारा ग्रंथ आपले नाव न घालता प्रसिद्ध केला. १९ ऑगस्ट १७६५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज उपयोग काय?

पाणी निघून गेलेल्या पोकळ्या वायूचे रेणू धरून ठेवतात. झिओलाइट ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनला अधिक घट्ट धरतो, म्हणून ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि तेच मणी पुन्हा वापरता येतात.

पण मणी एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होते आणि दाटीतून हवा ढकलायला ऊर्जा लागते. म्हणून संशोधक थ्रीडी प्रिंटिंगकडे वळले आहेत. झिओलाइटची पूड, थोडी माती आणि चिकट द्रव्य मळून तो लगदा शेवेसारखा थरावर थर पाडतात; वाळवून भाजला की सरळ नळ्यांची जाळी तयार होते. हवा तिच्यातून सहज वाहते. आच मात्र बेताची हवी. क्रॉनस्टेट यांच्या फुंकनळीइतकी प्रखर झाली तर पोकळ्या ढासळतात आणि उरतो तो निरुपयोगी दगड.

चंद्रपूरशी काय संबंध?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना असतात; झिओलाइटचेही हेच मुख्य घटक. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात अशी राख मुरवली की झिओलाइट तयार होतो. नागपूरच्या ‘नीरी’ने यावर संशोधन केले आहे. राखेत लोह आणि न जळालेला कार्बनही असतो. त्यामुळे असा झिओलाइट रुग्णाच्या ऑक्सिजनपेक्षा सांडपाणी शुद्ध करण्यासाठी किंवा धुरातील कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी अधिक योग्य ठरतो.