दुष्काळात भिंतीवरचे चित्र कागदावर उतरवणाऱ्या पुपुल जयकर

वाराणसी : मराठी लग्नघरात वधूच्या अंगावरचा शालू कोठून आला, हे सहसा विचारावे लागत नाही. तो बनारसचा असतो, आणि तो विणणारा कारागीर वाराणसीच्या मदनपुरा किंवा अलईपुरा येथील अरुंद गल्लीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो. शालूचा लौकिक देशभर पसरला. कारागिराचे नाव त्या गल्लीबाहेर फारसे गेले नाही. वस्तू आणि ती घडवणारा हात यांच्यातील ही तूट भरून काढण्यासाठी ज्यांनी आयुष्यातील चार दशकांहून अधिक काळ खर्च केला, त्या पुपुल जयकर यांच्या बालपणाचा महत्त्वाचा काळ याच नगरीत गेला होता.

त्यांचा जन्म 11 सप्टेंबर 1915 रोजी संयुक्त प्रांतातील इटावा येथे एका गुजराती कुटुंबात झाला. वडील विनायक मेहता सनदी अधिकारी होते. आजोबा नंदशंकर मेहता हे गुजरातीतील पहिल्या कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले जातात. वडिलांच्या बदल्यांमुळे घर सतत हलत असे. अकराव्या वर्षी पुपुल वाराणसीत आल्या आणि ॲनी बेझंट यांनी स्थापन केलेल्या शाळेत दाखल झाल्या. पुढे अलाहाबादेत नेहरू कुटुंबाशी परिचय झाला आणि इंदिरा गांधींशी जन्मभराचे सख्य जुळले. लंडनमध्ये अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन 1936 मध्ये पदवी मिळवल्यावर त्या भारतात परतल्या. बॅरिस्टर मनमोहन जयकर यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईकर झाल्या. मुलांसाठी त्यांनी ‘टॉय कार्ट’ नावाचे इंग्रजी मासिक काढले, कस्तुरबा न्यासात काम केले. पण त्यांना त्यांचे खरे कार्यक्षेत्र सापडले ते हातमागात.

स्वातंत्र्यानंतर हातमागाकडे पाहण्याची सरकारी दृष्टी मुख्यतः दयेची होती. विणकर गरीब आहे, म्हणून त्याला अनुदान द्यावे, एवढाच विचार. जयकर यांची मांडणी वेगळी होती. माल चांगला असेल आणि तो योग्य ग्राहकापर्यंत पोहोचला, तर विणकराला दयेची गरज उरणार नाही, असे त्या मानत. त्यातून 1956 पासून विणकर सेवा केंद्रे उभी राहू लागली. तेथे शिकलेले चित्रकार आणि परंपरागत विणकर एकत्र बसून नमुने तयार करीत. सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक वाराणसीत होते. मराठी वाचकांना विशेष वाटावे असे एक नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पुढे आधुनिक भारतीय चित्रकलेत मोठे स्थान मिळवणारे प्रभाकर बरवे 1961 पासून काही वर्षे या केंद्रात नोकरीला होते. तांत्रिक प्रतिमांशी त्यांचा परिचय काशीतलाच. सरकारी केंद्राच्या कामगिरीत अशा गोष्टींची नोंद कधी होत नाही, पण ती व्हायला हवी.

जयकर यांच्या विचाराची खरी कसोटी लागली ती वाराणसीपासून पूर्वेला, मिथिलेत. 1965 आणि 1966 या लागोपाठच्या वर्षांत बिहारमध्ये पाऊस रुसला. एप्रिल 1967 मध्ये राज्याच्या काही भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर करावा लागला. जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखालील मदत समितीने अन्नछत्रे चालवली, धान्य वाटले. रस्ते आणि तलाव खोदण्याची कामे निघाली. परंतु मधुबनी परिसरातील, तेव्हाच्या दरभंगा जिल्ह्यातील, उच्चवर्णीय घरांतील स्त्रिया घराबाहेर पडून खडी फोडायला जाऊ शकत नव्हत्या. घरात दाणा नव्हता आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभाही नव्हती. या स्त्रियांना एक विद्या मात्र येत होती. लग्नघरात वधूवरांच्या खोलीच्या, म्हणजे कोहबराच्या, भिंतींवर कमळ, बांबू, मासे, कासव आणि देवदेवता रंगवण्याची.

ही चित्रे बाहेरच्या जगाच्या दृष्टीस पडली, तीही एका आपत्तीमुळेच. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपात मिथिलेतील घरे कोसळली, तेव्हा नुकसानीची पाहणी करणारे इंग्रज अधिकारी विल्यम आर्चर यांना उघड्या पडलेल्या आतल्या भिंतींवर ती दिसली. त्यांनी छायाचित्रे घेतली आणि 1949 मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. त्यानंतर दीड तप तो विषय जाणकारांपुरताच राहिला.

अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामात अग्रभागी असलेल्या जयकर यांनी दुष्काळात एक साधी योजना पुढे आणली. स्त्रियांना कागद द्यायचा, त्या जे भिंतीवर काढतात तेच कागदावर काढून घ्यायचे, त्याचे पैसे त्यांच्या हातात द्यायचे आणि चित्रे शहरांत विकायची. हे समजावण्यासाठी त्यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवले. काम वाटते तितके सोपे नव्हते. परपुरुषासमोर येण्यास स्त्रिया तयार नव्हत्या. शिवाय शुभकार्यासाठी काढलेले चित्र विकायचे कसे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने किरकोळ नव्हता. कुलकर्णी जितवारपूरसारख्या गावांत राहिले, त्यांनी विश्वास मिळवला आणि हळूहळू कागद रंगू लागला. जितवारपूरच्या सीतादेवी, जगदंबादेवी आणि बौआदेवी, रांटीच्या महासुंदरीदेवी, रसिदपूरच्या गंगादेवी ही नावे याच प्रयत्नातून पुढे आली. जगदंबादेवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली, सीतादेवींना 1981 मध्ये. गंगादेवी 1985 च्या भारत महोत्सवासाठी अमेरिकेत गेल्या.

कुलकर्णी यांच्या वाट्याला एवढी प्रसिद्धी आली नाही. मधुबनीतला अनुभव घेऊन ते पुढे डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या हाती कागद देण्यातही त्यांचाच पुढाकार होता. महाराष्ट्रात आज घरोघरी, सदऱ्यांवर आणि चहाच्या कपांवर दिसणाऱ्या वारली चित्रांच्या मागे बिहारच्या त्या दुष्काळाचा हा धागा आहे.

योजनेला मर्यादा होत्या आणि त्या झाकण्याचे कारण नाही. आरंभी लाभ झाला तो प्रामुख्याने ब्राह्मण आणि कायस्थ घरांतील स्त्रियांना. दुसाध समाजातील स्त्रियांनी गोंदणाच्या आकृत्यांतून आपली स्वतंत्र शैली कागदावर आणली, ती 1970 च्या दशकात. मागणी वाढताच मधले व्यापारी शिरले. स्वस्तात घेतलेले चित्र महानगरांत कितीतरी पटीने विकले जाऊ लागले. एकच राधाकृष्ण शेकडो वेळा काढण्याची पाळी आली. जो विचार कारागिराला बाजारापर्यंत नेतो, तोच त्याला बाजाराच्या हवाली करतो, हा पेच जयकर यांना पूर्णपणे सोडवता आला नाही. बनारसच्या मागांवरही तो सुटलेला नाही. सुरत आणि अन्यत्र यंत्रमागावर निघालेली नक्कल बनारसी म्हणून विकली जाते आणि हातमागाचा विणकर मजुरीसाठी झगडतो.

1967 मध्येच जयकर यांना पद्मभूषण मिळाले. त्याआधी 1955 च्या न्यूयॉर्कमधील भारतीय वस्त्रप्रदर्शनाच्या निमित्ताने चार्ल्स ईम्स यांच्याशी झालेल्या परिचयातून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा पाया घातला गेला होता. 1984 मध्ये वारसा जतनासाठी इंटॅक ही संस्था स्थापन करण्यात त्या पुढे होत्या. परदेशांतील भारत महोत्सवांची सूत्रे त्यांच्याकडे आली तेव्हा खर्चावरून आणि सत्तेच्या निकटतेवरून टीका झाली. त्यांची कार्यपद्धती हुकमी होती, हे त्यांचे सहकारीही जाणून होते. परंतु ज्या फायली एरवी वर्षानुवर्षे टेबलांवर पडून राहिल्या असत्या, त्या याच स्वभावामुळे हलल्या, असे म्हणण्यास जागा आहे.

वाराणसीशी त्यांचे नाते तुटले नाही. जे. कृष्णमूर्ती यांच्या त्या निकटवर्ती होत्या. गंगा आणि वरुणा यांच्या संगमाजवळील राजघाट येथे कृष्णमूर्तींच्या प्रेरणेने चाललेल्या शिक्षणसंस्थांमुळे त्यांचे येथे येणे होत राहिले. 1986 मध्ये त्यांनी कृष्णमूर्तींचे आणि 1992 मध्ये इंदिरा गांधींचे चरित्र प्रसिद्ध केले. 29 मार्च 1997 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मधुबनी चित्रांना 2007 मध्ये आणि बनारसी वस्त्रांना 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्यांच्या पश्चात.