एका शब्दासाठी भांडलेल्या हंसाबेन

मैत्रिणींनो, १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. १९४८ साली याच दिवशी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यातल्या पहिल्याच कलमात एका भारतीय बाईने बदल करून घेतला, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? त्या हंसा मेहता.

हंसाबेनचा जन्म ३ जुलै १८९७ चा, सुरतचा. आजोबा नंदशंकर यांनी गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिली. वडील मनुभाई तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे बडोदा संस्थानचे दिवाण. बडोद्याला बी.ए. झाल्यावर हंसाबेन इंग्लंडला शिकायला गेल्या. तिथे सरोजिनी नायडूंचा सहवास लाभला आणि पुढची वाट दिसली.

१९२४ मध्ये त्यांनी डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं. मुलगी नागर ब्राह्मण, मुलगा वैश्य. झालं, ज्ञातीत गदारोळ उठला! पण महाराज सयाजीराव गायकवाड पाठीशी उभे राहिले आणि लग्न पार पडलं. हेच जीवराजभाई मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डीन आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. हंसाबेन मात्र नवऱ्याच्या नावावर मोठ्या झाल्या नाहीत. १९३० साली मुंबईत देशसेविका संघाच्या बायकांना घेऊन त्यांनी परदेशी कापडाच्या दुकानांवर पिकेटिंग केलं, तुरुंगातही गेल्या.

१९३७ च्या निवडणुकीत त्यांनी स्त्रियांची राखीव जागा नाकारली, सर्वसाधारण जागेवरून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. बाईला सवलत नको, न्याय हवा, अशी त्यांची भूमिका. इथे मात्र माझं मन अडखळतं. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव झाल्या. मी सामाजिक काम करते त्या गावांत एरवी उंबरठ्याबाहेर न पडणाऱ्या बायका त्यामुळे सरपंच झालेल्या पाहिल्यात. हंसाबेनमागे शिकलेलं घर होतं. ज्यांच्यामागे ते नाही, त्यांना आधी आत शिरायला दार तर हवं! पण आत गेल्यावर स्वतःच्या हिमतीने बोलायचं कसं, हे हंसाबेनकडूनच शिकावं.

संविधान सभेतल्या मोजक्या पंधरा स्त्रियांपैकी त्या एक. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला तो त्यांनीच.

त्याच सुमारास त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर गेल्या. अध्यक्ष होत्या अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. मसुद्यात होतं, की सगळे 'मेन' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. हंसाबेननी हरकत घेतली. 'मेन' म्हणजे पुरुष, मग बायका कुठे? त्यात बायकाही आल्याच, असं समजावलं गेलं. पण घराण्यात, वारशात, मतदानात 'आल्याच' म्हणून बाईला कसं वगळतात, हे हंसाबेनना पक्कं माहीत होतं. कुठल्याही देशाने पुढे पळवाट काढू नये म्हणून त्या अडून बसल्या. अखेर 'मेन' गेलं आणि 'ह्यूमन बीइंग्ज', म्हणजे सगळी माणसं, असे शब्द आले.

परतल्यावर १९४९ ते १९५८ त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. मुलं-मुली एकत्र शिकणाऱ्या विद्यापीठाच्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री कुलगुरू. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९९५ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी त्या गेल्या.

एका शब्दाने काय होतं, असं कुणी म्हणेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली ज्येष्ठ बाई कुटुंबप्रमुख ठरली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. त्यात पाचवं स्त्री-पुरुष समानतेचं, आणि जमिनीच्या मालकीत व वारशात बाईला समान हक्क हा त्याचाच भाग. रानात दिवसभर राबते बाई आणि सातबाऱ्यावर नाव नाही, तर तिला पीककर्ज कोण देणार? तिथेही 'ती आलीच की त्यात' असंच ऐकू येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, घराचा उतारा आणि सातबारा एकदा काढून बघा. आपलं नाव त्यावर आहे का? नसेल, तर विचारायला लाजू नका.